सुयांचा पोळा आणि दोन बॅगा साहित्य

निघायच्या आदल्या रविवारी मी वेल्ह्याला आजींकडे गेले होते. गोधडी घालायला मी त्यांच्याकडेच शिकले. चार थर सरळ कसे अंथरायचे, कडेने सुरुवात करून आत आत कसं यायचं, दोरा किती ओढायचा आणि कुठे थांबायचं, हे सगळं त्यांनी त्यांच्या ओसरीवर बसवून माझ्या हातात घातलं. मी म्हटलं, "आजी, जपानला चालले आहे. तिकडे आठ फेब्रुवारीला मोडक्या सुयांची पूजा असते. देवळात नेऊन ठेवतात." आजी काही न बोलता उठल्या आणि कोनाड्यातून बामची रिकामी बाटली घेऊन आल्या. आत अकरा मोडक्या सुया आणि टोक वाकलेलं एक दाभण.

"जातीयास तर ह्या पन ने," त्या म्हणाल्या. "टाकाव्या तर पोरांच्या पायात जात्यात. आन् टाकू पन वाटत न्हाईत."

ती बाटली मी कापसात गुंडाळून मोठ्या बॅगेत ठेवली.

बरोबर माझी मोठी जाऊ होती. वहिनींचं मोतीकाम आमच्या नात्यागोत्यात प्रसिद्ध आहे. तोरणं, रुखवतातली कमळं, समईखालची आसनं, सगळं मण्यांचं. त्यांना जपानी मणी हवे होते आणि मला सुया, साशिकोचा दोरा आणि जमलं तर हातकागद. साशिको म्हणजे जपानी धावदोऱ्याचं भरतकाम. दोघींनी याद्या केल्या होत्या. तिकिटं, व्हिसा, हॉटेलं ह्यांत सांगण्यासारखं काही घडलं नाही.

पहिला दिवस : तोक्यो

विमानतळावरून गाडीने थेट उएनोला उतरलो. राहायला उएनो मुद्दाम निवडलं होतं. तिथून कापडबाजाराचं निप्पोरी दोन स्टेशनांवर आणि देवळाचं आसाकुसाही जवळच. बाहेर थंडी मी म्हणत होती. पुण्यातली डिसेंबरची पहाट आणि ही थंडी ह्यांत फरक असा की ही कोरडी आहे; ओठ आणि बोटांची टोकं पहिल्याच संध्याकाळी फुटायला लागली. सुईकाम करणाऱ्याने व्हॅसलीन जवळ ठेवावंच. फुटलेल्या बोटात रेशमी धागा अडकतो.

जेवणाची काळजी वहिनींना जास्त होती. जपानी रश्शात आणि सूपमध्ये बहुतेक वेळा माशाचा अर्क असतो, त्यामुळे "मांस नको" एवढं सांगून भागत नाही. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानातून शिजवलेल्या भाताची पाकिटं घेतली, त्यांनी ती तिथेच गरम करून दिली. वर घरचं मेतकूट आणि लसणीची चटणी. पहिली रात्र निभावली आणि पुढच्या तीन रात्रीही.

दुसरा दिवस : निप्पोरी

निप्पोरी स्टेशनच्या पूर्वेला साधारण एक किलोमीटरचा सरळ रस्ता आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना नव्वदेक दुकानं, आणि सगळी शिवणाची. कापड, अस्तर, बटणं, लेस, चामडं, झिपा, चकत्या. आमच्या रविवार पेठेतल्या बोहरी आळीची आठवण यावी असा रस्ता, फक्त इथे टेम्पो नाहीत, हमाल नाहीत आणि कुणी "या ताई, बघा तर" म्हणत नाही. सगळे आपापले शांतपणे ठाण उचलून हात फिरवून बघतात.

इथलं सगळ्यांना माहीत असलेलं दुकान म्हणजे तोमातो. त्याची मुख्य इमारत पाच मजली आहे. मीटरला १०० येनवालं कापड इथे मिळतं. आम्ही येनला साठ पैसे धरून हिशेब करत होतो, म्हणजे साठ रुपये मीटर. गर्दी तिथेच होती. मी तासभर त्या ठाणांमध्ये घालवला आणि शेवटी काहीच घेतलं नाही. हात लावल्यावर कळत होतं की असं सुती कापड आपल्याकडे लक्ष्मी रोडला मिळतं, आणि चांगलं मिळतं. मंगळगिरी, इलकल, खण ह्यांच्या प्रदेशातून आलेल्या माणसाने परदेशातून साधं सुती कापड किलोकिलोने वाहून आणू नये, असं माझं स्पष्ट मत झालं. अपवाद एकच, किमोनोचं तानमोनो. त्याचा पन्हा जेमतेम ३६ ते ३८ सेंटिमीटर असतो आणि लांबी बारा मीटरच्या आसपास. एका ठाणात एक किमोनो. एवढ्या अरुंद पन्ह्यावर माणसाचं सगळं अंग झाकणारा कपडा बेततात, आणि तोही जवळजवळ काहीच वाया न घालवता. एका जुन्या ठाणाचा दोन मीटरचा उरलेला तुकडा मी घेतला, निळ्या जमिनीवर पांढरी बारीक नक्षी.

रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या दुकानात साशिकोचं साहित्य दिसलं. गल्ल्यावर सत्तरीपुढच्या एक बाई बसल्या होत्या. माझ्या खांद्याला मीच शिवलेली पिशवी होती, आईच्या जुन्या लुगड्याचे तीन थर घेऊन गोधडीच्या टाक्याने घातलेली. बाईंची नजर तिच्यावर गेली. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, म्हणजे "बघू का?" मी दिली. त्यांनी पिशवी सरळ बाजूने पाहिलीच नाही. आधी उलटी केली. आतल्या बाजूचे टाके अंगठ्याने चाचपत एका ओळीवरून शेवटपर्यंत गेल्या, मग दुसऱ्या ओळीवरून परत आल्या. वेल्ह्याच्या आजी नव्या मुलीचं काम अगदी असंच बघतात. वरून कुणीही छान करतं, खरं काय ते उलट्या बाजूला.

मग त्यांनी खणातून चामड्याची एक अंगठी काढली. तिला पैशाएवढी पत्र्याची गोल चकती लावलेली. ही अंगठी मधल्या बोटाच्या मुळाशी घालायची, चकती तळहाताच्या बाजूला. लांब सुईचं नेढ्याकडचं टोक त्या चकतीला टेकवायचं, सुई अंगठा आणि पहिल्या बोटात धरायची आणि मग सुई जवळजवळ जागची हलवायचीच नाही. हलतं ते कापड. डाव्या हाताने कापड वर-खाली, वर-खाली असं सुईवर चढवत न्यायचं. त्यांनी माझ्यासमोर एका दमात बारा-पंधरा टाके सुईवर चढवले, कापड चुणीसारखं गोळा झालं, मग ते दोन बोटांनी मागे सारलं आणि ओळ सपाट झाली. सगळे टाके एका मापाचे. आपण गोधडीला सुई चालवतो, त्या कापड चालवतात. टाका एकच, आपला धावदोराच.

फोनवरच्या अनुवादातून त्या मला सांगत होत्या की हे काम मुळात उत्तरेकडच्या गरीब शेतकऱ्यांचं. तिकडे थंडीमुळे कापूस पिकत नसे. तागासारख्या झाडांच्या विरळ कापडाचे थर एकावर एक ठेवून दोऱ्याने भरायचे, म्हणजे वारा आत शिरत नाही आणि कापडही टिकतं. चिंधीसुद्धा टाकत नसत. तीन वाटाणे बांधता येतील एवढा तुकडा असेल तर तो ठेवायचा, असं म्हणत. (त्यांनी "अझुकी" म्हटलं होतं, म्हणजे आपल्या चवळीपेक्षा लहान लाल कडधान्य.) मी त्यांना गोधडीचा फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून करून पाहिला.

दोऱ्याच्या दहा लडी, सुयांची दोन पाकिटं आणि ती अंगठी घेतली. लडीचा दोरा सैल पिळाचा, मऊ सुती असतो. मशीनच्या रिळाचा दोरा त्या जागी वापरला तर कापड कापतं.

जाणाऱ्यांसाठी : निप्पोरीची बरीच दुकानं रविवारी बंद असतात, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी किंवा शनिवारी जा. पासपोर्ट जवळ ठेवा. एका दुकानात एका दिवशी कराआधीची खरेदी ५,००० येन किंवा त्याहून जास्त झाली तर करमुक्त खरेदीची पाटी असलेल्या दुकानात १० टक्के उपभोग कर लागत नाही. आम्हाला तो गल्ल्यावरच वजा करून मिळाला, पण १ नोव्हेंबर २०२६ पासून आधी कर भरायचा आणि देश सोडताना परत घ्यायचा अशी पद्धत येणार आहे. त्यामुळे लहान लहान दहा दुकानांत विखरून घेण्यापेक्षा यादीतल्या जड वस्तू एका ठिकाणी घेतलेल्या बऱ्या.

तिसरा दिवस : आठ फेब्रुवारी, आसाकुसा

ह्या दिवसासाठीच सगळी तारीखवार आखणी केली होती.

सेन्सोजीचं मोठं देऊळ आसाकुसात आहे. मुख्य देवळाच्या पश्चिमेला आवाशिमा-दो नावाचं लहान देऊळ आहे. आवाशिमा ही बायकांची देवता, शिवणकामाचीही. आठ फेब्रुवारीला इथे हारी-कुयो होतो, म्हणजे वर्षभरात मोडलेल्या, वाकलेल्या, गंजलेल्या सुयांना निरोप. क्योतोकडे हाच दिवस बहुतेक ठिकाणी आठ डिसेंबरला पाळतात. त्या दिवशी सुईला विश्रांती. शिवण करायची नाही, असा जुना रिवाज.

देवळासमोर एका चौरंगावर तोफूची भली मोठी लादी ठेवलेली होती, पांढरी शुभ्र, ओलसर. लोक रांगेने येत, पिशवीतून सुया काढत आणि एकेक त्या तोफूत टोचत. रंगीत डोक्यांच्या टाचण्यासुद्धा होत्या, त्यामुळे पांढऱ्या लादीवर लाल, पिवळे, निळे ठिपके उगवल्यासारखे दिसत होते. रांगेत किमोनो घातलेल्या वयस्क बायका होत्या, शिवणकामाच्या शाळेतल्या मुली होत्या, आणि एक पुरुष, बहुधा शिंपी, ज्याच्या कागदी पुडीत मशीनच्या सुया होत्या. कारण साधं आहे. सुईने आयुष्यभर कठीण कापडातून जायचं काम केलं, आता तिला मऊ जागी ठेवायचं.

वहिनी रांगेत माझ्या मागे होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अगं, हा तर पोळा आहे. सुयांचा पोळा."

मला दसऱ्याच्या आदली खंडेनवमी आठवत होती. आमच्या घरी मशीन पुसून, तेल घालून, कात्री आणि टेप मांडून हळद-कुंकू वाहतात, आणि त्या दिवशी मशीन चालवत नाहीत. पण वहिनींचंच खरं होतं. खंडेनवमीला हत्यार धारदार असतं, पुढच्या वर्षासाठी सज्ज. पोळ्याला बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळतात, कारण तो खांदा जू ओढून दुखावलेला असतो. इथे दुखावलेल्या सुया होत्या.

माझी पाळी आली. बामची बाटली उघडली. अकरा सुया एकेक करून टोचल्या. तोफूत सुई जाते तेव्हा हाताला काहीच लागत नाही. कापडाला असतो तो अडथळा नाही, टपकन आवाज नाही. दाभण शेवटी ठेवलं होतं. ते मोठं, त्यावर गंजाचा चॉकलेटी थर, आणि ते सगळ्या बारीक सुयांमध्ये उठून दिसत होतं. शेजारच्या किमोनोतल्या बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हाताने लांबी दाखवून विचारलं, एवढं मोठं कशासाठी? मी दोन्ही तळहात एकमेकांपासून दूर नेऊन जाडी दाखवली, मग गालाखाली हात घेऊन झोपल्याची खूण केली. त्यांना समजलं. त्या दाभणाकडे वाकून त्यांनी हात जोडले.

आत मंत्रपठण सुरू झालं. आम्ही थंडीत उभ्या होतो, नाक लाल, डोळ्यांतून पाणी. थंडीचं होतं की नाही ते सांगता येणार नाही.

नंतर देवळासमोरच्या नाकामिसे गल्लीतून चालत बाहेर आलो. दाइफुकु खाल्लं. तांदळाच्या चिकट पिठाची पारी, आत अझुकीचं गोड पुरण. उकडीच्या मोदकाची पारी आणि पुरणपोळीचं पुरण एकत्र केलं तर जे होईल त्याच्या जवळपास. वहिनींनी तीन खाल्ली.

चौथा दिवस : कागद आणि मणी

सकाळी निहोनबाशीला ओझु वाशी ह्या कागदाच्या दुकानात. हे दुकान १६५३ पासून आहे. म्हणजे शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक व्हायच्या एकवीस वर्षं आधीपासून. इथे आधी नोंदणी केली तर आपल्या हाताने कागद काढून बघता येतो.

पुण्याच्या माणसाला हातकागद नवा नाही. कसबा पेठेत कागदीपुरा आहे, शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेली हातकागद संस्था आहे. शाळेत असताना तिथे सहलीला गेले होते. सुती चिंध्यांचा लगदा हौदात ढवळतात ते तेव्हा पाहिलेलं. इथे लगदा चिंध्यांचा नाही, कोझो नावाच्या तुतीच्या जातीच्या झुडपाच्या आतल्या सालीचा. तंतू लांब असतात. पाण्यात एका वनस्पतीच्या मुळाचा बुळबुळीत रस घालतात, भेंडीच्या पाण्यासारखा. त्याने तंतू तळाशी बसत नाहीत आणि पाणी जाळीतून सावकाश उतरतं, त्यामुळे कागद सारखा आणि पातळ होतो. हा रस थंडीत चांगला टिकतो, म्हणून कागदाचं काम मुळात हिवाळ्यातलं.

बांबूच्या काड्यांची जाळी चौकटीत बसवून हौदात बुडवायची, लगदा उचलायचा आणि पुढे-मागे हलवायचा. शिकवणाऱ्या ताईंनी माझे कोपर धरून हलवून दाखवले. मी घाई करत होते. त्यांनी खूण केली, पाण्याला त्याच्या वेळेने जाऊ दे. तासाभरात वाळलेला कागद हातात आला. वहिनींनी आपल्या कागदाचं टोक ओढून पाहिलं. "अगं, ओढला तरी फाटत नाही हा!" हातांनी कागद करण्याच्या जपानी कलेला २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं, ते ह्याच कोझोच्या कागदासाठी.

विकत मात्र मी मोजकंच घेतलं, पाच मोठे ताव. कागद घ्यायचा तर घडी घालू देऊ नका, गुंडाळून पुठ्ठ्याच्या नळीत मागा. नळी हातातल्या सामानात चालते.

दुपारी आसाकुसाबाशी. हा मण्यांचा भाग, आणि दुपारभर मी वहिनींच्या मागे पिशव्या धरून चालत होते. कीवा सेइसाकुजो हे इथलं मोठं दुकान. वहिनींना हवे होते ते मियुकीचे देलिका मणी, लहानशा नळीसारखे कापलेले, अकरा नंबरचे. आपल्याकडे मिळणाऱ्या मण्यांच्या पुडीत दहातला एक जाड, एक बारीक, एकाचं भोक बंद. ते निवडण्यातच अर्धा दिवस जातो. हे मणी तळहातावर घेतले तर सगळे जुळे. शेजारी शेजारी बसवले की त्यांच्यात फट उरत नाही आणि विटांच्या भिंतीसारखी सपाट विणकामाची पट्टी तयार होते. वहिनींनी दुकानातच गल्ल्याशेजारी उभ्या राहून सुईवर दहा मणी ओवले आणि पुन्हा काढून ठेवले, फक्त खात्री करायला. मियुकी फुकुयामाचे, आणि तोहो हे मण्यांचं दुसरं नाव हिरोशिमाचं. दोन्ही कारखाने हिरोशिमा प्रांतातलेच.

रंगाचे क्रमांक वहिनींनी वहीत लिहून आणले होते, आणि ह्याला पर्याय नाही. दुकानात हजारो नळ्या समोर असताना "तो जरा आंबूस पिवळा" म्हणून शोधता येत नाही.

पाचवा दिवस : क्योतो

बुलेट ट्रेनने सव्वादोन तास. तोक्योहून जाताना उजव्या बाजूची खिडकी घ्या. फुजी त्याच बाजूला दिसतो. आम्हाला दिसला, सगळा, पायथ्यापासून. डब्यात क्षणभर कुणीच बोललं नाही.

क्योतोत सान्जो रस्त्यावरच्या झाकलेल्या बाजारात मिसुया-बारी हे सुयांचं दुकान आहे. पहिल्या खेपेला आम्ही त्याच्यासमोरून पुढे निघून गेलो. दुकानांच्या मधून एक बोळ आत जातो, आत इवलीशी बाग, आणि बागेच्या टोकाला दुकान. पुण्यातल्या वाड्यात शिरावं तसं वाटलं. रस्त्यावरचा गलका दोन पावलांत मागे पडतो. बागेतल्या दगडांवर बर्फाची भुरभुर सुरू होती.

साडेतीनशेहून जास्त वर्षं हे लोक सुया करतात. मिसु म्हणजे बांबूच्या काड्यांचा पडदा. राजवाड्यासाठी सुया करताना तो पडदा सोडून त्याच्याआड काम चाले, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. काचेच्या पेटीत सुया मांडलेल्या. समोरच्या तरुण मुलीने विचारलं, कशावर शिवणार? किती थर? दोरा कोणता? मी गोधडीचा फोटो पुन्हा काढला. तिने तो पाहिला, पिशवीचं कापड चिमटीत धरून जाडी बघितली आणि मग एकही सुई न दाखवता आत गेली. येताना तीन पुड्या घेऊन आली.

इथे सुयांचे आकडे दोन भागांत असतात. "तीन-दोन" असं. पहिला आकडा सुईचा प्रकार सांगतो, तीन म्हणजे सुती कापडाची, चार म्हणजे रेशमाची बारीक. दुसरा आकडा लांबीचा. आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते एवढंच माहीत असतं, त्यामुळे आधी गोंधळ होतो, पण एकदा कळलं की ही पद्धत फार सोयीची आहे.

तिने एक सुई माझ्या हातात दिली आणि नेढ्यातून दोरा घालायला सांगितलं. घातला. मग म्हणाली, आता मागे-पुढे ओढा. दोरा नेढ्यातून सरकत होता तो तेलावरून सरकावा तसा. नेढ्याच्या आतल्या कडा घासून गुळगुळीत केलेल्या असतात. आपण दोरा तुटतो तेव्हा दोऱ्याला दोष देतो. पुष्कळदा तो नेढ्याच्या धारदार कडेने झिजलेला असतो. हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. मी तीन पुड्या घेणार होते, सहा घेतल्या.

ह्याच संध्याकाळी एक फटकाही बसला. एका मोठ्या कापडदुकानात दुहेरी जाळीचं मऊ सुती कापड पाहिलं, पाटीवर २८० येन. नातवासाठी दुपट्यांना तीन मीटर कापायला सांगितलं. बिल आलं ८,४०० येन. २८० हा भाव मीटरचा नव्हता, दहा सेंटिमीटरचा होता, आणि पाटीवर तसं लिहिलेलंही होतं. कापड कापून झालेलं, परत करण्याचा प्रश्नच नव्हता. जवळजवळ पाच हजार रुपये गेले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. जपानमध्ये पुष्कळ दुकानांत कापडाचा भाव दहा सेंटिमीटरला असतो. पाटीवरचा आकडा वाचण्याआधी त्याच्याशेजारचा "१० सें.मी." शोधा.

वहिनींनी त्या रात्री मला युदोफु खायला नेलं. मातीच्या भांड्यात नुसत्या कोंबू नावाच्या समुद्री पाल्याच्या पाण्यात उकळत असलेले तोफूचे चौकोन. बुडवायच्या सॉसमध्ये मासा असतो म्हणून आम्ही मीठ आणि आलं मागून घेतलं. मऊ, गरम, जवळजवळ चव नसलेलं, आणि थंडीत त्याहून चांगलं काही नाही. वहिनी एक चौकोन चमच्यात धरून म्हणाल्या, "आजींच्या सुया ह्यातच आहेत बघ." मग बराच वेळ आम्ही दोघी जेवलोच नाही.

सहावा आणि सातवा दिवस : ओकायामा, कुराशिकी, कोजिमा

ओकायामाला थांबायचं एक कारण पुण्याचं होतं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं, ती कोराकुएन बाग इथे आहे. फेब्रुवारीत गवत पिवळं पडलेलं, झाडं उघडी. आमची पुण्याची बाग जास्त हिरवी असते, पण इथला मोकळेपणा वेगळा आहे. नजर दूर किल्ल्यापर्यंत जाते.

तिथून गाडीने थोड्या वेळात कुराशिकी. कालव्याकाठी पांढऱ्या भिंतींची जुनी कोठारं, त्यांतच दुकानं. चिकटवहीवाल्या सगळ्या मैत्रिणींना ठाऊक असलेली कागदी रंगीत चिकटपट्टी, जिला आपण वाशी टेप म्हणतो, ती इथली. कामोई नावाचा कारखाना १९२३ पासून इथे आहे आणि मुळात माश्या पकडायचा चिकट कागद करायचा. पुढे रंगाऱ्यांसाठी कडा झाकायची पट्टी. २००६ मध्ये तोक्योच्या तीन बायकांनी कारखाना बघू द्या म्हणून पत्र पाठवलं. त्या ह्याच पट्ट्या सजावटीला वापरत होत्या आणि त्यांनी स्वतः त्यावर लहान पुस्तिका केली होती. त्यातून एमटी ह्या नावाने रंगीत पट्ट्या आल्या. वापरणाऱ्या बायकांनी कारखान्याला त्याच्याच मालाचा उपयोग दाखवला, ही गोष्ट मला फार आवडली. भाचरांसाठी बारा रिळं घेतली. वजन नाही, मोडतोड नाही, आणि मुलं खूश. भेटीसाठी ह्याहून सोयीची वस्तू नाही.

कोजिमा जीन्सचं गाव. समुद्र हटवून केलेली खारट जमीन, भात होईना म्हणून कापूस लावला, कापसातून मोजे आणि गणवेश आणि शेवटी १९६५ मध्ये जपानमधली पहिली जीन्स. आम्ही दोन तासच होतो. डेनिमच्या कापाकापीतल्या चिंध्यांची एक पिशवी घेतली, गोधडीच्या मधल्या थरासाठी. वहिनी तोवर गाडीच्या वेळा बघत होत्या.

आठवा दिवस : परत

बॅगा भरताना कात्री, सुया, अंगठी सगळं मोठ्या बॅगेत. मणी मात्र हातात घ्या; पाव किलोच्या पुड्या एकत्र झाल्या की वजन भलतंच होतं, आणि बॅग हरवली तर क्रमांक जुळवून पुन्हा आणणं होत नाही. दोघींच्या बॅगा मिळून चोवीस किलो भरल्या, जाताना सतरा होत्या.

पुढच्या रविवारी वेल्ह्याला गेले. आजी उन्हात बसल्या होत्या. मी मिसुयाची पुडी उघडली आणि सुई त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांत फिरवली, उन्हाकडे धरली आणि लाल सुताचा दोरा ओवला. पहिल्याच खेपेला गेला. दोरा दोनदा मागे-पुढे ओढला, मग माझ्याकडे पाहिलं.

"गुळगुळीत हाय," त्या म्हणाल्या. साशिकोची अंगठी त्यांनी घालून पाहिली, चार टाके घातले आणि काढून माझ्या हातात दिली. "माझ्या बोटाला न्हाई ऐकत. तुला ऐकंल."

मग त्यांनी विचारलं, "त्या सुया कशात ठिवल्या?"

मी सांगितलं. पनीरासारखं असतं, आजी. पांढरं. सोयाबीनच्या दुधाचं.

"मऊ व्हतं?"

"हो."

"दाभन गेलं त्यात?"

"गेलं. जराही जोर लावावा लागला नाही."

आजींनी मान हलवली आणि मांडीवरच्या गोधडीची कड सरळ करून पुढचा टाका घातला.